विश्लेषण : सोसायटीच्या गेटवरचा सीसीटीव्ही राष्ट्रीय सुरक्षेचा विषय कसा झाला?

एप्रिल २०२५ पासून सरकारमान्य प्रयोगशाळेतील सुरक्षा चाचणीशिवाय सीसीटीव्ही कॅमेरा देशात विकता येत नाही. हा नियम का आला, त्यात कोणाचा धंदा वाढला, कोणाचा बसला आणि आधीच भिंतीवर टांगलेल्या कॅमेऱ्यांचे काय?

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सीसीटीव्ही घ्यायला गेलेले ग्राहक आजवर तीनच प्रश्न विचारत. किती मेगापिक्सेल, रात्री दिसते का आणि रेकॉर्डिंग किती दिवस राहते. भाव ठरवायला एवढे पुरायचे. आता चौथा प्रश्न आला आहे, आणि तो ग्राहकाने नव्हे तर सरकारने विचारलेला आहे. या कॅमेऱ्याच्या आत काय आहे आणि ते कोणाचे आहे?

नियम नेमका काय आहे?

इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी देशात सक्तीच्या नोंदणीची व्यवस्था आहे. मोबाइल चार्जरपासून टीव्हीपर्यंत अनेक वस्तूंवर भारतीय मानक ब्युरोचा, म्हणजे बीआयएसचा, 'आर' या अक्षराने सुरू होणारा क्रमांक छापलेला असतो, तो याच व्यवस्थेतला. सीसीटीव्ही कॅमेरेही आधीपासून त्यात होते. पण तपासणी व्हायची ती मुख्यतः शॉक लागू नये, आग लागू नये एवढ्यापुरती.

९ एप्रिल २०२४ रोजी केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने अधिसूचना काढून २०२१ च्या सक्तीच्या नोंदणी आदेशात सीसीटीव्हीसाठी सायबर सुरक्षेच्या अटी घातल्या. अंमलबजावणी आधी ऑक्टोबर २०२४ पासून होणार होती, ती पुढे ढकलून ९ एप्रिल २०२५ वर नेण्यात आली. त्यानंतर मात्र मुदतवाढीची मागणी सरकारने मान्य केली नाही.

अटी बऱ्याच खोलात जाणाऱ्या आहेत. कॅमेऱ्याचे खोके सहज उघडून छेडछाड करता येऊ नये. कोण कुठपर्यंत पोहोचू शकतो याचे वेगवेगळे अधिकार ठरवता यावेत. कॅमेऱ्यातून निघणारी माहिती कूटबद्ध असावी. नको असलेल्या सेवा बंद असाव्यात, पासवर्डचे नियम कडक असावेत आणि सॉफ्टवेअरचे अपडेट नियमित मिळावेत. हे सगळे कागदावर लिहून देऊन भागत नाही. कंपनीला हार्डवेअर, सॉफ्टवेअर आणि सोर्स कोडसुद्धा तपासणीसाठी खुला करावा लागतो. आतले महत्त्वाचे सुटे भाग, विशेषतः मुख्य चिप, कोठून आले हेही सांगावे लागते. एसटीक्यूसी ही मंत्रालयाची चाचणी यंत्रणा आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळा हे काम करतात.

सोर्स कोड मागणे ही साधी गोष्ट नाही. कंपनीच्या दृष्टीने तो तिजोरीतला ऐवज असतो. तो दुसऱ्या देशाच्या सरकारी प्रयोगशाळेपुढे ठेवायचा की ती बाजारपेठ सोडायची, हा निर्णय तंत्रज्ञ घेत नाहीत. तो संचालक मंडळ घेते, आणि काही वेळा त्या कंपनीच्या देशाचे सरकारही.

कॅमेऱ्यात एवढे धोकादायक काय आहे?

सीसीटीव्ही म्हणजे भिंग आणि वायर, ही कल्पना आता जुनी झाली. आजचा कॅमेरा हा एक छोटा संगणक आहे. त्यात चिप असते, बहुतेक वेळा लिनक्सवर चालणारी प्रणाली असते, आणि तो रात्रंदिवस इंटरनेटला जोडलेला असतो. मोबाइलवर घरचे दार दिसते तेव्हा ते चित्र अनेकदा कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून आलेले असते. अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत आम्ही अशा सर्किट बोर्डावरच्या चार पिनांना वायर जोडून आतली प्रणाली उघडायचो, तेव्हा ते मजेचे वाटायचे. नव्या अटींमध्ये हेच दार बंद करायला सांगितले आहे.

धोका कसा असतो याचे सर्वांत बोलके उदाहरण युक्रेनचे आहे. २ जानेवारी २०२४ रोजी रशियाने कीव्हवर मोठा क्षेपणास्त्र हल्ला केला. त्यानंतर युक्रेनच्या सुरक्षा यंत्रणेने दोन कॅमेरे बंद केल्याचे जाहीर केले. ते लष्कराचे नव्हते. एक निवासी इमारतीच्या बाल्कनीत होता आणि तिथल्या रहिवाशांची संस्था आवारावर लक्ष ठेवायला तो वापरत होती. दुसरा एका निवासी संकुलात होता आणि त्यातून वाहनतळ दिसायचा. या कॅमेऱ्यांचा ताबा मिळवून हवाई संरक्षण यंत्रणा आणि महत्त्वाच्या पायाभूत सुविधा न्याहाळल्या गेल्या, एकाचा कोन बदलून चित्र थेट यूट्यूबवर सोडले गेले, असे यंत्रणेचे म्हणणे होते. युद्ध सुरू झाल्यापासून असे सुमारे १०,००० कॅमेरे बंद करावे लागल्याचेही तिने सांगितले. जून २०२५ मध्ये इराणशी संघर्ष पेटला तेव्हा इस्रायलमध्येही माजी सायबर अधिकाऱ्यांनी नागरिकांना घरच्या कॅमेऱ्यांचे पासवर्ड बदलायला सांगितले. क्षेपणास्त्र नेमके कुठे पडले हे पाहण्यासाठी इराण त्यांचा वापर करू पाहत होता.

तेव्हा पार्किंगमधल्या स्कूटरवर लक्ष ठेवणारा कॅमेरा शत्रूच्या काय कामाचा, असे म्हणता येत नाही. रस्त्याकडे तोंड असलेला एक कॅमेरा फार काही सांगत नाही. पण शहरातले हजारो कॅमेरे एकाच कंपनीच्या यंत्रणेला जोडलेले असतील, तर ते बरेच काही सांगतात.

मग बोट चीनकडेच का?

जगातल्या दोन सर्वांत मोठ्या सीसीटीव्ही कंपन्या, हाइकव्हिजन आणि दाहुआ, चीनच्या हांगझोऊ शहरातल्या आहेत. हाइकव्हिजनवर नियंत्रण ठेवणारा भागधारक चीनचा सरकारी इलेक्ट्रॉनिक्स उद्योगसमूह आहे. पण मुख्य आक्षेप मालकीपेक्षा कायद्यावर आहे. चीनच्या २०१७ च्या राष्ट्रीय गुप्तवार्ता कायद्यातील सातवे कलम सांगते की, देशातील संस्थांनी आणि नागरिकांनी गुप्तवार्ता कार्यात साह्य करावे. म्हणजे कंपनीने उद्या 'आम्ही माहिती देणार नाही' असे ठरवले, तरी तिच्या देशाचा कायदा तिला तसे ठरवू देईल का, हा प्रश्न उरतो. येथे वस्तूवरचा संशय हा त्या देशाच्या कायद्यावरचा संशय आहे.

हे लक्षात घेतले की पुढच्या घटनांची संगती लागते. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेने संरक्षण खर्चाच्या कायद्यात ८८९ वे कलम घालून हाइकव्हिजन, दाहुआ, हायटेरा, हुआवे आणि झेडटीई यांची उपकरणे सरकारी खरेदीतून बाद केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने त्यांच्या नव्या उपकरणांना मंजुरी देणे थांबवले. त्याच महिन्यात ब्रिटनने आपल्या मंत्रालयांना संवेदनशील ठिकाणी असे कॅमेरे नव्याने बसवू नका, असे कळवले. फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारी इमारतींत अशी नऊशेहून अधिक उपकरणे मोजली गेली आणि ती काढायचे ठरले. जून २०२५ मध्ये कॅनडाने हाइकव्हिजनला देशातील कामकाजच बंद करायला सांगितले.

दुसरी बाजूही सांगायला हवी. या कंपन्या सारे आरोप फेटाळतात आणि हे राजकारण असल्याचे म्हणतात. चीन सरकारच्या हुकमावरून कॅमेऱ्यात चोरवाट ठेवली, असे सिद्ध करणारा पुरावा कोणत्याही सरकारने जाहीरपणे मांडलेला नाही. जे सिद्ध झाले आहे ते अधिक साधे आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये हाइकव्हिजनच्या कॅमेऱ्यांत एक त्रुटी उघड झाली. पासवर्ड माहीत नसतानाही कॅमेऱ्याचा पूर्ण ताबा घेता यावा अशी ती होती. तिचे गांभीर्य १० पैकी ९.८ ठरवले गेले. कंपनीने दुरुस्ती दिली. पण वर्षभराने एका सायबर सुरक्षा संस्थेने पाहणी केली तेव्हा जगभरात ८०,००० हून अधिक कॅमेऱ्यांवर ती दुरुस्ती बसवलेलीच नव्हती.

आणि कायद्याचा हा हात फक्त चीनचाच लांब आहे असेही नाही. अमेरिकेचा २०१८ चा क्लाउड कायदा अमेरिकी कंपन्यांना त्यांच्या ताब्यातील माहिती, ती कोणत्याही देशातील सर्व्हरवर असली तरी, न्यायालयीन आदेशावर द्यायला लावू शकतो. फरक आहे तो न्यायालयाचा. पण आपली माहिती दुसऱ्याच्या कायद्याखाली जाते, हे दोन्हीकडे खरे आहे.

भारतात हा प्रवास कसा झाला?

कॅमेरे लावण्याची घाई आपल्याकडे सुरक्षेपोटीच झाली. २६/११ च्या हल्ल्यानंतर राम प्रधान समितीने मुंबईत सीसीटीव्हीचे जाळे उभारण्याची शिफारस केली. निविदांचा घोळ बरीच वर्षे चालला आणि प्रकल्प २०१६ मध्ये पूर्ण झाला. त्यानंतर शहरोशहरी स्मार्ट सिटीच्या नावाने, शाळांत, रेल्वे स्थानकांवर, पोलीस ठाण्यांत कॅमेरे लागत गेले. निविदा सर्वांत कमी दराला जायची आणि सर्वांत कमी दर अनेकदा चिनी मालाचा असायचा. दिल्ली सरकारच्या मोठ्या प्रकल्पात तर भारत इलेक्ट्रॉनिक्स या संरक्षण क्षेत्रातल्या सरकारी कंपनीमार्फत हाइकव्हिजनचे कॅमेरे लागले.

दिशा बदलली ती २०२० मध्ये. एप्रिलमध्ये सीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची झाली. जूनमध्ये गलवानचा संघर्ष झाला, महिनाअखेर टिकटॉकसह ५९ ॲप बंद झाली आणि २३ जुलैला सरकारी खरेदीचे नियम बदलले. सीमा लागून असलेल्या देशांच्या कंपन्यांना निविदा भरण्याआधी नोंदणी करणे बंधनकारक झाले. या नियमांत चीनचे नाव शोधून सापडत नाही, आणि ते मुद्दाम आहे. जागतिक व्यापाराच्या चौकटीत एका देशाचे नाव घेऊन दार बंद करण्यापेक्षा सर्वांना लागू असलेली सुरक्षेची अट पुढे करणे सोयीचे असते.

मार्च २०२१ मध्ये तत्कालीन माहिती तंत्रज्ञान राज्यमंत्र्यांनी संसदेत सांगितले की, सरकारी संस्थांमध्ये सुमारे १० लाख कॅमेरे चिनी कंपन्यांचे आहेत आणि चित्रफितींची माहिती परदेशी सर्व्हरवर जाण्याचा धोका आहे. या उत्तरानंतर नियम यायला तीन वर्षे लागली. या तीन वर्षांत किती कॅमेरे लागले असतील, याचा अंदाज आपल्या चौकात मान वर करून घेता येईल.

चिप बदलली, ती वॉशिंग्टनमुळे

कॅमेऱ्याच्या व्यवसायात कायद्याचा फटका किती लांबून बसतो, याचे उदाहरण चिपचे आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत इंटरनेट कॅमेऱ्यांमध्ये हुआवेच्या हायसिलिकॉन कंपनीची चिप सर्रास असायची. स्वस्त आणि चांगली. मे २०२० मध्ये अमेरिकेने नियम बदलला. अमेरिकी तंत्रज्ञान वा यंत्रे वापरून बनलेली चिप हुआवेसाठी बनवायची असेल, तर अमेरिकेचा परवाना लागेल. हायसिलिकॉनची चिप तैवानची टीएसएमसी बनवत असे. तिने नव्या मागण्या घेणे थांबवले. कॅमेरे बनवणाऱ्यांना तैवानच्या नोव्हाटेकसारख्या पर्यायांकडे वळावे लागले, आणि त्यासाठी सॉफ्टवेअरही बरेचसे नव्याने लिहावे लागले.

म्हणजे भारत सरकारने चिप कोठली हे विचारण्याच्या चार वर्षे आधीच अमेरिकी वाणिज्य खात्याने आपल्या सोसायटीच्या कॅमेऱ्यातली चिप बदलायला सुरुवात केली होती. त्याची कोणी बातमी केली नाही. दुकानदारापर्यंत ती 'माल शॉर्ट आहे' एवढ्या तीन शब्दांत पोहोचली.

फायदा कोणाचा, तोटा कोणाचा?

सर्वांत ठळक लाभार्थी देशी ब्रँड आहेत. 'सीपी प्लस' या नावाने कॅमेरे विकणाऱ्या आदित्य इन्फोटेक कंपनीचा कारखाना आंध्र प्रदेशातील कडप्पा येथे आहे. तिने जुलै २०२५ अखेरीस १,३०० कोटी रुपयांचा आयपीओ आणला. ६७५ रुपयांना दिलेला समभाग ऑगस्टमध्ये पहिल्या दिवशी हजार रुपयांच्या वर उघडला. नियमाचा किती वाटा आणि बाजारातील उत्साहाचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. पण प्रतिस्पर्ध्यांपुढे सरकारने उंच कुंपण घातले असताना गुंतवणूकदार खूश होणे स्वाभाविक आहे. गंमत अशी की, हीच कंपनी दीर्घकाळ दाहुआची भारतातील वितरकही होती.

हाइकव्हिजनची बाजू जास्त गुंतागुंतीची आहे. तिचा भारतातील व्यवसाय 'प्रमा' या भारतीय भागीदारासोबतच्या संयुक्त कंपनीतून चालत आला आणि तिचे उत्पादन आपल्याच वसईत होते. तिथे काम करणारे कामगार इथले आहेत. 'चिनी कॅमेरा' आणि 'भारतात बनलेला कॅमेरा' या दोन खणांत सगळा माल नीट बसत नाही, तो असा.

परदेशी कंपन्यांची तक्रार वेगळी होती. प्रयोगशाळा कमी आहेत, कारखान्यांची पाहणी लांबते, सोर्स कोडची छाननी होते आणि तोवर विक्री अडते, असे त्यांनी सरकारला सांगितले. केवळ चिनीच नव्हे, तर कोरियाची हानव्हा, जर्मनीची बॉश, अमेरिकेची हनीवेल यांनाही तीच चाळणी लागू आहे. त्यांच्याकडे निदान वकील आणि वेळ आहे.

खरी अडचण आहे ती ज्यांचे नाव कोणी घेत नाही त्यांची. शेन्झेनहून तयार कॅमेरे किंवा त्यांचे सुटे भाग आणायचे, इथे जोडायचे, स्वतःचे स्टिकर लावायचे, असा धंदा करणारे शेकडो छोटे व्यापारी होते. त्यांच्याकडे सोर्स कोड दाखवायला नाहीच, कारण तो त्यांनाही कधी मिळालेला नव्हता. मॉडेलगणिक चाचणीचा खर्च त्यांच्या आवाक्यात नाही. सुरक्षेच्या दृष्टीने सर्वांत ढिसाळ माल याच वाटेने यायचा, हे मान्य केले तरी बाजारातला सर्वांत स्वस्त पर्यायही तोच होता. चाचणीचा खर्च कोणीतरी भरतो. गावातला किराणा दुकानदार दोन कॅमेरे घेतो, तेव्हा तो त्याच्या बिलात येतो.

माझ्या मते नियम आवश्यक होता आणि उशिराच आला. पण सुरक्षेचा नियम आणि देशी उद्योगाला दिलेले संरक्षण एकाच अधिसूचनेत आले की, उद्या देशी कंपनीचा कॅमेरा कच्चा निघाल्यास सरकार तितकीच कठोर छाननी करील का, हे पाहावे लागेल.

नियमाच्या बाहेर काय राहिले?

जुने कॅमेरे. अधिसूचना नव्या विक्रीला लागू आहे. आधी बसवलेला कॅमेरा कोणी काढायला सांगत नाही, आणि तो आठ-दहा वर्षे सहज चालतो.

दुसरी गोष्ट सवयीची. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटमधील एका प्रसूतिगृहातील महिला रुग्णांच्या तपासणीच्या चित्रफिती यूट्यूब आणि टेलिग्रामवर विकल्या जात असल्याचे उघड झाले. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातील तरुणही होते. तपासात पुढे आले की, देशभरातल्या अनेक ठिकाणच्या कॅमेऱ्यांत असाच शिरकाव झाला होता, आणि वाट कोणती, तर 'ॲडमिन१२३' यासारखा कारखान्यातून आलेला आणि कधीच न बदललेला पासवर्ड. यात कोणत्याही परदेशी सरकारचा हात नव्हता. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रॅमने लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर अशाच ठरीव पासवर्डांनी ताब्यात घेतले आणि अमेरिकेतल्या अनेक बड्या संकेतस्थळांना काही तास ठप्प केले. तो लिहिणारी अमेरिकी कॉलेजची मुले होती.

ब्रिटनने म्हणूनच नियम खालून बांधायला घेतला. २९ एप्रिल २०२४ पासून तिथे सर्वांना सारखाच, सहज ओळखता येणारा पासवर्ड घालून घरगुती इंटरनेट उपकरण विकणे बेकायदा आहे, आणि सुरक्षा अपडेट किती काळ मिळतील हे ग्राहकाला सांगावे लागते. आपल्या अटींतही पासवर्ड आणि अपडेट आहेत, पण ते प्रयोगशाळेच्या अहवालात. खोक्यावर ग्राहकाला दिसेल असे त्यातले काही नसते.

फुटेज कोण पाहतो, किती दिवस ठेवतो, कोणाला देतो हा तिसरा भाग. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्याच्या सुमारास लागू होतील. व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला त्यात सूट आहे. गृहनिर्माण संस्था मात्र व्यक्ती नव्हे. सरकारला आपल्या यंत्रणांना सुरक्षेच्या कारणाने या कायद्यातून वगळण्याचा अधिकारही आहे. म्हणजे परदेशी सरकारने आपले चित्र पाहू नये यासाठी नियम आला, पण आपल्या सरकारने ते कधी आणि किती पाहावे याची सीमा अजून सैलच आहे.

सोसायटीने खरेदी करताना काय पाहावे?

खोक्यावरचा 'आर' क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकून पाहा. कंपनीचे नाव आणि उत्पादन जुळते का, हे तिथे लगेच कळते. एसटीक्यूसी प्रमाणपत्र नेमक्या त्याच मॉडेलचे आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. ब्रँडच्या एका मॉडेलचे प्रमाणपत्र दाखवून दुसरे विकले जाऊ शकते.

जुने कॅमेरे असतील, तर पासवर्ड बदला, कंपनीच्या संकेतस्थळावरून अपडेट घ्या आणि मोबाइलवर बाहेरून पाहण्याची गरज नसेल, तर रेकॉर्डरची इंटरनेटची वायर काढून टाका. रेकॉर्डिंग त्याशिवायही चालू राहते.

आणि देखभालीचा करार नव्याने करताना एक चौकशी करा. मुख्य पासवर्ड सध्या कोणाकोणाकडे आहे? अनेक ठिकाणी तो कॅमेरे बसवून गेलेल्या मुलाच्या मोबाइलमध्ये असतो, आणि तो मुलगा ती एजन्सी कधीच सोडून गेलेला असतो.